पारांग नेसून लग्नाला जाऊ नये: जावाच्या बाटिकमधल्या नक्षी आणि त्यांचे अर्थ

झरोका

डिसेंबर २०२२ मध्ये जोकोवींच्या, म्हणजे इंडोनेशियाच्या तेव्हाच्या राष्ट्राध्यक्षांच्या, धाकट्या मुलाचं लग्न झालं. जावा बेटावरच्या सोलो शहरात मांकुनेगारान राजवाड्यात जो समारंभ होता त्याच्या आधी पाहुण्यांना निरोप गेला की बाकी काय हवं ते घाला पण पारांग नक्षीचं बाटिक घालून येऊ नका. तेव्हा आमच्या ग्रुपवर 'काय एकेक नखरे' म्हणून हसाहशी झाली होती. पण ती काही त्या घरची हौस नव्हती, त्यामागे अडीचशे वर्षांची भानगड आहे. बाटिक म्हणजे कापडावर मेणाने नक्षी झाकून मग रंगवायचं काम. आपल्याकडे बाटिक म्हटलं की मेणाला तडे गेलेल्या रेघांचा कॉटनचा ड्रेसपीस एवढंच डोळ्यापुढे येतं, म्हणून म्हटलं एक धागा काढावा. सिंगापूरला राहत असल्यामुळे जावाला जाणंयेणं असतं आणि कपाटात ही कापडं साठत चालली आहेत (नवऱ्याचं मत विचारू नका).

पार्श्वभूमी थोडक्यात. १७५५ च्या गियांती तहात माताराम राज्याचे दोन तुकडे झाले, एक सुराकार्ता म्हणजे सोलो, दुसरं योग्याकार्ता, बोलताना जोगजा. डच मधे बसलेलेच होते. भाऊबंदकी म्हणजे काय ते सातारा-कोल्हापूरवाल्यांना वेगळं सांगायला नको. त्यानंतर सोलोचा राजा पाकुबुवोनो तिसरा याने १७६९ मध्ये फर्मान काढलं की सावात (गरुडाचा पिसारा), पारांग (तिरके पट्टे) आणि चेमुकिरान (ज्वाळेसारख्या टोकांची किनार) या नक्षी राजघराण्याच्या, बाकीच्यांनी नेसायच्या नाहीत. त्यातही पोटकलम असं की चेमुकिरानची वेलबुट्टीवाली जी जात आहे ती प्रधानाला आणि राजाच्या नातलगांना चालेल, रयतेने मात्र त्याच्याही वाटेला जायचं नाही. जोगजाच्या दरबारातही असेच नियम होते आणि हामेंकुबुवोनो आठवे यांनी तर १९२७ मध्ये, म्हणजे अगदी काल-परवा, ते पुन्हा लिहून काढले. मला यात एक दिसतं, ते असं की मुलूख अर्धा गेला, तिजोरी आणि तोफा डचांच्या हातात, मग राजाने राजेपण दाखवायचं कुठे, तर नेसूच्या कापडावर.

पारांग म्हणजे तिरके पट्टे. वळणदार आकार एकात एक अडकवून कर्णरेषेत ओढत नेलेले, कुठेही न तुटणारे, आणि दोन पट्ट्यांच्या मधे बारीक चौकटींची एक रांग, तिला म्लिंजोन म्हणतात. दंतकथा अशी की मातारामचा संस्थापक सेनोपाती दक्षिण किनाऱ्यावर पारांगकुसुमोला तप करत बसला होता, समोर समुद्र खडकांवर आदळत होता, त्यातून ही नक्षी सुचली. न थकता परत परत येणारी लाट म्हणून ती लढवय्याची, राजाची. आकारालाही मान आहे: सगळ्यात मोठी पारांग बारोंग, ती राजाची, मातारामचा जुना राजा सुलतान आगुंग याच्या नावावर सांगतात. त्याहून लहान गेंद्रेह, आणि सगळ्यात बारीक क्लितिक, नाजूक, ती बायकांची. म्हणजे दरबारात लांबूनच पट्ट्याची रुंदी बघून समोरचा कोण ते कळायचं.

आणि लग्नात का नको, तर एक म्हणजे राजवाड्याचा मान आणि दुसरं लोकांचं म्हणणं की पारांगमध्ये झुंज आहे, नवराबायकोत भांडणं लागतात. पहिलं कारण कागदावर आहे, दुसरं लोकांच्या तोंडी. पण घरातल्या म्हाताऱ्या हे दुसरं कारणच सांगतात आणि पाळायलाही तेच लावतात.

लग्नात मग काय, तर वरवधू सिदो मुक्ती किंवा सिदो लुहुर, सिदो आसिह यातलं एक. हे सगळे आशीर्वाद आहेत, सुखी व्हा, मानाने जगा, एकमेकांवर माया राहो अशा अर्थाचे, आणि कापडाचं नाव तेच आशीर्वाद. चौकटींची जाळी आणि प्रत्येक चौकटीत फुलपाखरू, गरुडाचे पंख, छोटं देऊळ असं काहीबाही. दोन्हीकडचे आईवडील नेसतात त्रुंतुम. ती नक्षी मला सगळ्यात आवडते, गर्द निळ्याकाळ्या जमिनीवर नखाएवढी चांदणीसारखी फुलं, मधे एक ठिपका, भोवती केसासारख्या पाकळ्या, जवळ जाऊन बघितल्याशिवाय फुलं आहेत हे समजतही नाही.

तिची गोष्ट अशी सांगतात की राणी रातू केंचानावरून राजाचं मन उडालं, तो नव्या बायकोच्या नादी लागला, ही एकटी रात्री अंगणात बसून चांदण्या बघत कापडावर ठिपके काढत बसायची, राजाने एकदा पाहिलं, मग रोज बघायला यायला लागला, आणि कापड पुरं होईपर्यंत प्रेम परत उगवलं. आता हा राजा कोण? तोच पाकुबुवोनो तिसरा, फर्मानवाला. त्याने ज्या नक्षी कुलपात ठेवल्या त्या राजवाड्यात राहिल्या आणि त्याच्या बायकोच्या नावावरची नक्षी आज गावोगावच्या लग्नात व्याह्या-विहिणींच्या अंगावर आहे.

माझं म्हणणं एवढंच की या नक्षींचा अर्थ चित्रात कमी आणि कोण, कधी, कोणाच्या नात्याने नेसतंय त्यात जास्त आहे. कोणाला अजून माहिती असेल तर भर घाला.

धुळाक्षर

झकास धागा! त्रुंतुमची गोष्ट वाचून राजाचा रागच आला, कापड चांगलं झालं म्हणून प्रेम परत आलं म्हणे. असो. लग्न झालं, पण बाळंतपण, बारसं, मयत यांनाही वेगळी कापडं असतात का?

झरोका

@धुळाक्षर हो, असतात की. सातव्या महिन्यात मितोनी म्हणून विधी असतो, आपलं डोहाळजेवण जवळपास त्याच सुमाराला. आधी गर्भारशीला फुलांच्या पाण्याने न्हाऊ घालतात आणि मग एकामागून एक सात कापडं तिच्याभोवती लावून बघतात. प्रत्येक वेळी जमलेल्या बायकांना विचारायचं, शोभतंय का? आणि सगळ्या एका सुरात ओरडतात, अजून नाही! सिदो मुक्ती, त्रुंतुम, सेमेन रामा, सगळी भारीतली कापडं एकेक करून नाकारली जातात, खाली पायाशी ढीग होतो, आणि सातव्या वेळी बहुतेक ठिकाणी अगदी साधं, रेघांचं विणलेलं लुरिक कापड येतं तेव्हा त्या म्हणतात, हां, आता शोभलं. बाटिकच्या देशात शेवटी पसंत पडतं ते बाटिक नसलेलं कापड, हे मला फार आवडतं.

मयतीला स्लोबोग. त्रिकोण-त्रिकोणांची साधी भौमितिक नक्षी, मृताच्या अंगावर घालतात, पुढची वाट मोकळी व्हावी म्हणून. आणि आजाऱ्यासाठी तांबाल, म्हणजे वेगवेगळ्या नक्षींचे तुकडे जोडल्यासारखं दिसणारं बाटिक, आपल्या गोधडीसारखं, फक्त शिवलेलं नाही, सगळं एकाच कापडावर मेणाने काढलेलं. ते पांघरलं की माणसात जे फाटलंय ते सांधलं जातं अशी समजूत.

खवचट_काका

लेख चांगला पण मला हे सगळं टुरिस्ट गाईडांचं पिल्लू वाटतंय. दोनशेच्या चादरीला एक गोष्ट चिकटवली की ती दोन हजारांना जाते. आपल्याकडे पण बघा, पैठणीवरचा मोर म्हणजे अमुक, पोपट म्हणजे तमुक, हे सगळं गेल्या वीसतीस वर्षांत दुकानदारांनी काढलेलं. विणणाऱ्याला विचारा, तो म्हणेल मोर चांगला दिसतो म्हणून काढला. जावामधला चित्रकार काय वेगळा असणार.

झरोका

काका, तुम्ही येणार हे माहीतच होतं :)

निम्मं पटतं. दुकानांत प्रत्येक कापडाला एक कार्ड लटकवलेलं असतं, त्यावर 'ही नक्षी म्हणजे धैर्य', 'ही म्हणजे समृद्धी', आणि शेजारच्या दुकानात त्याच नक्षीच्या कार्डावर भलतंच काहीतरी. त्या कार्डांवर माझाही विश्वास नाही. पण १७६९ चं फर्मान काही दुकानदाराने काढलेलं नाही. अमक्याने हे नेसायचं नाही असं जेव्हा राजा सांगतो तेव्हा त्या नक्षीला अर्थ मिळतोच, मग ती मुळात लाट असो की सुरीचं पातं असो. आणि मितोनीतल्या बायकांना कोणी कार्ड वाचून दाखवत नाही.

कावुंगचं उदाहरण घ्या. चार लंबगोल एका बिंदूभोवती, फुलीसारखे, पुन्हा पुन्हा. कोणी म्हणतं आरेन माडाचं फळ आडवं कापलं की आत असं दिसतं, कोणी म्हणतं कमळ, कोणी म्हणतं चार दिशा आणि मधे राजा. काहीही म्हणा, पण कावुंगच्या जवळची, एकमेकांत गुंतलेल्या वर्तुळांची नक्षी तेराव्या शतकातल्या सिंगोसारी राज्याच्या प्रज्ञापारमिता या बौद्ध देवीच्या मूर्तीच्या नेसूवर दगडात कोरलेली आहे. ती मूर्ती डचांनी १९७८ मध्ये परत केली, आता जकार्ताच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. म्हणजे नक्षी सातशे वर्षं तरी जुनी, अर्थ मात्र प्रत्येक काळाने आपापले लावले. बारीक कावुंगची नावं तर नाण्यांवरून आहेत, पिचिस, ब्रिबिल, सेन, जितकं लहान नाणं तितका लहान लंबगोल. आणि राजघराण्याच्या नक्षींत गणलं जाणारं हेच कावुंग वायांगच्या, म्हणजे तिकडच्या सावल्यांच्या बाहुल्यांच्या, खेळात पानाकावान, म्हणजे सेमार आणि त्याची पोरं, नेसतात. पानाकावान म्हणजे विदूषक नोकर. पण सेमार मुळात देव आहे, पोट सुटलेल्या म्हाताऱ्याच्या रूपात आलेला, राजपुत्रांना चार खडे बोल सुनावणारा. त्यामुळे त्याच्या अंगावर राजाची नक्षी शोभते.

निळीशाई

मी वनस्पतीवाली, त्यामुळे नक्षीपेक्षा रंगावर बोलते. मध्य जावाच्या बाटिकचा तो जो तपकिरी रंग, जुन्या चामड्याच्या आणि मधाच्या मधला, त्याला सोगा म्हणतात. तो मुख्यतः ज्या झाडाच्या सालीपासून काढायचे ते म्हणजे आपला सोनमोहोर, काही जण पीतमोहोर म्हणतात. पुण्यामुंबईच्या रस्त्यांवर पिवळी फुलं आणि तांबूस गंजल्यासारख्या शेंगा असलेलं झाड, उन्हाळ्यात ज्याच्याखाली गाडी लावली की टपावर पिवळा सडा पडतो ते. त्यात तेगेरानचं लाकूड आणि तिंगी नावाच्या खारफुटीची साल मिसळून छटा जमवायची. आपण ज्याच्या सावलीत रिक्षाची वाट बघतो त्याच्या सालीत जावाच्या राजांची कापडं रंगली, पण आपल्याकडे कोणाला त्याचं काही नाही.

लाल रंग किनाऱ्यावरच्या लासेम गावाचा. त्याला ते कोंबडीच्या रक्ताचा लाल म्हणतात, आणि तो मेंगकुडूच्या मुळांपासून, म्हणजे आपली बारतोंडी. तिच्याच कुळातल्या आलच्या मुळांपासून आपल्याकडेही लाल कापड रंगवायचे, पुढे कृत्रिम रंग आले आणि ती शेती बसली.

आणि तीन राज्यांचं बाटिक म्हणून एक प्रकार आहे, तिगा नेगेरी. लाल लासेमला, निळा पेकालोंगानला (तेही किनाऱ्यावरचंच) आणि तपकिरी सोलोला. प्रत्येक गावाचा रंग त्या गावातच नीट उतरतो अशी लोकांची ठाम समजूत, म्हणून एकच कापड गावोगाव फिरवायचं, प्रत्येक ठिकाणी पुन्हा मेण पुन्हा रंग.

धुळाक्षर

सोनमोहोर!! आमच्या सोसायटीत तीन आहेत, त्यातला एक 'पार्किंगला अडचण' म्हणून परवाच छाटला. सेक्रेटरीला हा धागा पाठवते.

इंडोवारी

नोकरीनिमित्त जकार्तात बरीच वर्षं काढली. तिथे शुक्रवारी ऑफिसात बाटिक, सगळे, शिपायापासून साहेबापर्यंत. २ ऑक्टोबर २००९ ला युनेस्कोच्या यादीत नाव आलं तेव्हापासून तर २ ऑक्टोबर हा राष्ट्रीय बाटिक दिनच झाला, आपली गांधी जयंती ती त्यांची बाटिक जयंती.

पण झरोकाताई, तुम्ही फक्त दरबारी बाटिकवर बोलताय, किनाऱ्याची बाजू राहिली. सोलो-जोगजा म्हणजे तपकिरी, निळं, पांढरं, शिस्तीत. उत्तरेच्या किनाऱ्यावर, ज्याला पसिसिर म्हणतात, तिथे चिनी, अरब, डच, गुजराती सगळे बोटीने येणार, त्यामुळे तिथे राजाचं फर्मान कमी आणि गिऱ्हाईकाची मागणी जास्त. चिरेबोनचं मेगा मेंदुंग घ्या, ढगांची नक्षी, एका ढगाच्या आत दुसरा, दुसऱ्याच्या आत तिसरा, फिक्या निळ्यापासून गडद निळ्यापर्यंत सात छटा, आणि प्रत्येक छटेसाठी वेगळं मेण लावायचं वेगळं बुडवायचं. ढगाचं वळण सरळ सरळ चिनी आहे. तिथले लोक सांगतात की सुनान गुनुंग जाती या संताने चिनी राजकन्या ओंग तिएनशी लग्न केलं आणि तिच्या सामानातून हे ढग आले. अर्थ विचाराल तर, डोक्यावर ढग आले की ऊन जातं, म्हणून ज्याच्या हातात सत्ता आहे त्याने डोकं थंड ठेवावं. आमच्या ऑफिसात एक अतिशय तापट मॅनेजर होते ते नेमाने दर शुक्रवारी मेगा मेंदुंग घालून यायचे. गुण काही आला नाही.

चिनी घरांत रंगाला नक्षीपेक्षा जास्त अर्थ. लग्नकार्याला लाल, सुतकात फक्त निळं-पांढरं. त्यांच्या कापडांवर स्वस्तिकांची जाळी पण असते, बांजी म्हणतात, आपल्याकडून तिकडे आलेल्या कोणी पाहिलं की लगेच 'अरे आपलं स्वस्तिक!' म्हणून फोटो काढतात. ती बहुतेक चीनमार्गे गेलेली आहे, थेट आपल्याकडून नाही, पण फोटो काढायला हरकत नाही.

आणि अर्थ कसा बदलतो त्याचं सगळ्यात भारी उदाहरण म्हणजे जपानी काळ. १९४२ ते ४५ जावावर जपान्यांचा ताबा होता, सुती कापडाची बोंब, आणि पेकालोंगानच्या कारखान्यांत जे थोडंफार कापड होतं त्यावरच कारागिरांनी इतकं बारीक, इतकं गच्च काम केलं की सुई टोचायला जागा नाही. काम जास्त असलं तर तेवढ्याच कापडात माणसं जास्त दिवस कामावर राहतात. त्यावर फुलपाखरं, चेरीची फुलं, आणि एकाच कापडाचे दोन अर्धे वेगळे, सकाळी एक बाजू वर संध्याकाळी दुसरी, याला पागी-सोरे म्हणतात. त्या कापडांना जावा होकोकाई म्हणतात, जपान्यांच्या प्रचारसंस्थेचं नाव. आज ती संग्राहक जिवापाड जपतात.

गाठपदर

वर 'गुजराती' शब्द आला म्हणून लिहिते. पाटणचं पटोळं जावामध्ये फार मानाचं होतं, डच व्यापारी मसाल्यांच्या बदल्यात तिकडे पटोळी विकायचे, आणि सोलो-जोगजाच्या दरबारात ते रेशीम अजूनही विधींना वापरतात, चिंदे म्हणतात त्याला. पेकालोंगानची जलाम्प्रांग नावाची नक्षी म्हणजे पटोळ्यातल्या छाबडी भातीची, म्हणजे टोपलीच्या बुट्टीची, मेणाने केलेली नक्कल आहे. नुसती आकृती नाही हो, विणकामातले जे छोटे चौकोन दिसतात तेसुद्धा ठिपक्या-चौकोनांनी काढलेत, म्हणजे ही पटोळ्याची आठवण आहे हे बघणाऱ्याला समजलंच पाहिजे. आपल्याकडे इकत, म्हणजे सूत आधी बांधून रंगवायचं आणि मग विणायचं, म्हणून जे तंत्र होतं त्याचं तिकडे चित्र झालं.

उलट्या दिशेचंही आहे. रवींद्रनाथ टागोर १९२७ मध्ये जावा-बालीला गेले, बरोबर चित्रकार सुरेंद्रनाथ कर होते, आणि तिथून बाटिकची गोडी शांतिनिकेतनात आली. तिथल्या कातडी पर्सवरचं बाटिक आठवत असेल. कच्छमधलं मुंद्रा आणि उज्जैनजवळचं भैरूगड इथलं बाटिक मात्र खत्री-छिपा या रंगारी मंडळींचं, ठशांचं, वेगळं.

खवचट_काका

बाई, ते मेणाचे तडे मग काय? आमच्या लग्नात (१९७९) बायकोच्या दोन साड्या बाटिकच्या होत्या आणि जितके तडे जास्त तितकी साडी भारी असं दुकानदाराने सांगितलं होतं.

गाठपदर

@काका, जावामध्ये तुमचा दुकानदार उपाशी मेला असता. तिथे हाताने काढलेल्या बारीक कामात तडा म्हणजे दोष, मेण नीट बसलं नाही, कापड निष्काळजीपणे हाताळलं. म्हणून तर मेणात राळ वगैरे मिसळून ते लवचिक ठेवतात. आपण इकडे दोषालाच डिझाइन केलं. छान दिसतं हे मात्र खरं.

निळीशाई

जोगजाजवळ इमोगिरीच्या राजसमाध्यांच्या डोंगराखाली गिरिलोयो गावात काम बघितलंय. बायका बांबूच्या चौकटीवर कापड टांगून बुटक्या स्टुलांवर गोल करून बसतात, मधे शेगडीवर छोट्या कढईत मेण. हातात चांटिंग, म्हणजे लाकडी दांड्याला तांब्याची इवलीशी वाटी आणि तिला चोच. मेण भरलं की आधी चोचीवर हलकी फुंकर, नाहीतर पहिला थेंब मोठा पडतो, मग डाव्या तळव्याचा कापडामागून आधार आणि रेघ सुरू. मांडीवर एक जाड फडकं, गरम थेंब पडतात म्हणून. मला वाटलं होतं नक्षी आधी काढून ठेवतात मग मेण, तर म्हाताऱ्या बाई काही न आखता थेट काढत होत्या, गप्पा मारत, टीव्हीवरच्या मालिकेकडे एक डोळा ठेवून. पारांगचं तिरकं वळण, ओळीनंतर ओळ. त्यांना विचारलं की घरच्यांसाठी पारांग काढता का? हसल्या आणि म्हणाल्या ऑर्डर असेल ते काढतो. मुलीच्या लग्नाला मात्र सिदो मुक्ती स्वतः काढलं होतं, विकत आणलं नाही.

तेव्हा काका, अर्धा मुद्दा तुमचा अर्धा झरोकाचा.

खवचट_काका

ठीक आहे, अर्ध्यावर तोड. पण सेमेन रामा म्हणून जे म्हटलंय वर, त्यात राम कुठून आला? मुसलमान देश ना तो?

झरोका

काका, मुसलमान आहेत आणि रामायणही आहे, तिकडे त्यात कोणालाच विसंगती वाटत नाही. सेमेन म्हणजे कोंब-पालवीची नक्षी, डोंगर, वेली, पक्षी, पंख असं सगळं दाटीने. त्यात सेमेन रामा म्हणजे जुन्या जावाच्या भाषेतल्या रामायणात रावण मेल्यावर राम बिभीषणाला राज्य कसं करावं ते सांगतो तो भाग. आठ देव आणि राजाने प्रत्येकाकडून घ्यायचा एकेक गुण, त्याला अष्टब्रत म्हणतात. मनुस्मृतीत राजा आठ लोकपालांच्या अंशांनी घडलेला सांगितलाय ना, तीच कल्पना. कापडावर गरुड म्हणजे सूर्य, ज्वाळा म्हणजे अग्नी, पक्षी म्हणजे वायू, नाव म्हणजे वरुण, असे आठही असतात. पण कोणतं चित्र कोणत्या देवाचं यावर तिथले जाणकारही भांडतात, म्हणजे तुम्हाला तिकडे करमेल.

गरुडाचं पण बघण्यासारखं आहे. एकच पंख असेल तर लार, दोन पंख असतील तर मिरोंग, दोन पंख आणि शेपटी असेल तर सावात. फर्मानात जे सावात होतं ते हेच, पूर्ण पिसारा. म्हणजे एका पंखापर्यंत चालवून घेऊ, शेपटी दिसली की राजद्रोह, असा काहीसा प्रकार.

नवशिका

खूप माहितीपूर्ण धागा, सगळा एका दमात वाचला. पुढच्या महिन्यात ऑफिसातल्या एका सोलोच्या मुलाच्या लग्नाला जोडीने जायचंय. काय घालावं? आणि खरं बाटिक कसं ओळखायचं, ऑनलाइन तर तीनशे रुपयांपासून दिसतंय.

इंडोवारी

तीनशेचं ते छापील कापड, बाटिकची नक्षी असलेलं. वाईट नाही पण त्याला मेणाचं बोटही लागलेलं नाही. उलटी बाजू बघा, हाताच्या कामाला मेण दोन्हीकडून लावतात त्यामुळे सुलट-उलट जवळपास सारखंच दिसतं, छापील मागून फिकं पडतं. दोन फुलं शेजारी शेजारी धरून बघा, हुबेहूब जुळली तर यंत्र किंवा ठसा. ठसा म्हणजे तांब्याचा चाप, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून आला, त्याने मेणच लावतात त्यामुळे तेही बाटिकच, आणि आपल्या खिशाला तेच बरं. हाताचं कापड महिनोन्‌महिने चालतं, त्याची किंमत ऐकून बसायला खुर्ची लागते.

शर्ट शिवायचा असेल तर एक लक्षात ठेवा, नक्षी जावाच्या अडीच मीटर लांब नेसूसाठी आखलेली असते. शिंप्याने कशीही कापली की छातीवर गरुड उलटा लटकतो, किंवा पारांगची तिरपी ओळ पुढच्या दोन भागांत तुटते. तुटलेली पारांग तिकडे अपशकुन धरतात. चांगला शिंपी बटणपट्टीवर नक्षी जुळवून देतो, त्याचे वेगळे पैसे घेतो, द्यावेत.

झरोका

@नवशिका पारांग नको हे तर आलंच. सिदो मुक्ती नको, ते नवरानवरीचं. त्रुंतुम नको, ते आईवडिलांचं, तुम्ही नेसून गेलात तर फोटोत वरमाई कोण असा प्रश्न पडेल. सेकार जगाद घ्या, सगळ्या नक्षींची बेटं एकाच कापडावर, रंगीत, सगळ्यांना चालतं. नाहीतर मेगा मेंदुंग. बायकोने नेसूच नेसायचं ठरवलं तर पुढच्या बारीक निऱ्यांना तिकडे विरू म्हणतात. जोगजाला कडेची पांढरी पट्टी निऱ्यांत दिसू देतात आणि सोलोला आत दुमडून लपवतात. लग्न सोलोला आहे तर लपवायची. यजमानांच्या घरची एखादी काकू नेसवून देईल, विचारलंत तर आनंदच होईल त्यांना. साडी नेसून गेली तरी कोणी काही म्हणणार नाही, उलट तिच्याभोवतीच गर्दी होईल.

खवचट_काका

आमच्या चिरंजीवांनी जकार्ताहून आणलेला एक शर्ट कपाटात पडून आहे, आत्ता काढून बघितला, तिरके पट्टे आहेत आणि मधे चौकटींची रांग पण आहे. राजाचा निघाला. हा घालून भाजी आणायला गेलो तर चालेल ना?

झरोका

चालेल काका, बिनधास्त जा. जोगजातसुद्धा लोक पारांगचे शर्ट घालून हिंडतात, अडवतात ते राजवाड्याच्या समारंभात आणि लग्नाच्या मांडवात. फक्त बटणपट्टीवर ओळ तुटली नाहीये ना तेवढं बघा.

खवचट_काका

तुटलीय. भाजी आणायला हिलाच पाठवतो.